तिसऱ्यांचं पाणी

मल्लेश्वरममधल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला पांढऱ्या उंदरांची खोली होती. त्या खोलीत जायची वेळ आली की राजलक्ष्मी जाधव हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवायची. बांगड्या वाजल्या की उंदीर बिचकतात, असं ती सांगे. खरं कारण वेगळं होतं. उंदीर मारायचं काम तिच्या जिवावर यायचं, आणि बांगड्या काढण्यात जरा वेळ जायचा.

जाधवांचं घर तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळूरला आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी बोलत, पण ती कानडीत चांगली मुरलेली. वडील रघुजीराव पेपर वाचता वाचता हाक मारत, "राजी, स्वल्प कॉफी दे गं," आणि आतून ती म्हणे, "सरी, आणते." पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली नवी माणसं हे बोलणं ऐकून गालात हसत. राजलक्ष्मीला त्याचं काही वाटत नसे. लग्न केलं नाही, त्याचंही तिला फारसं काही वाटलं नव्हतं. गल्लीतली आणि कामावरची सगळीच माणसं तिला राजक्का म्हणत.

एम्‌एस्सी झाल्यावर ती काही वर्षं किनाऱ्यावर संशोधनाला होती. तिथे तिने शिंपल्यांचं विष पाहिलं. तिसऱ्या, कालवं हे जीव दिवसभर समुद्राचं पाणी गाळत बसतात. एरवी त्यात काही वावगं नसतं. पण एखाद्या हंगामात पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ माजतं, आणि त्याचं विष तिसऱ्यांच्या अंगात साचत जातं. तिसरीला काही होत नाही. तिला वास येत नाही, रंग बदलत नाही, चव बिघडत नाही. शिजवलं तरी विष मरत नाही. एकदा तिच्यासमोर एका मच्छीमाराला होडीत घालून खाडीपलीकडच्या दवाखान्यात नेत होते. तासाभरापूर्वी जाळं ओढणारा धडधाकट माणूस. आधी ओठांना मुंग्या आल्यासारखं झालं म्हणाला, मग हात उचलेना, मग बोलणं बंद झालं. पैलतीर यायच्या आत श्वास थांबला. दवाखान्यातल्या कागदावर हृदयविकार असं लिहिलं गेलं. राजलक्ष्मी तेव्हा पंचविशीची होती. तिने काही बोलायचा प्रयत्न केला, पण हातात पुरावा नव्हता. पुरावा कसा मिळवायचा ते ती त्यानंतर शिकली.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. पाऊस नुकताच सरला होता. सोमवारी सकाळी ती कामावर येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. जवळच्याच इस्पितळातला डॉक्टर बिंदुमाधव बोलत होता. तिच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला मुलगा.

"राजक्का, एक विचित्र केस आहे. तिशीचा माणूस. अभिमन्यू नाव, कंप्युटर कंपनीत आहे. काल रात्री जेवला, मग ओठ बधिर झाले म्हणाला, पहाटेपर्यंत हातपाय गेले. इथे आणला तेव्हा श्वाससुद्धा धड घेता येत नव्हता. आता आम्ही नळी घालून फुगा दाबतोय."

"काय जेवला?"

"तिसऱ्या. मित्राने गावाहून आणल्या होत्या, किनाऱ्यावरच्या होसकोडीहून. म्हणून तर तुम्हाला फोन केला. पण बायकोनेही त्याच खाल्ल्या, आणि ती समोर उभी आहे. आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, कीटकनाशक पोटात गेलंय. त्याचं औषध सुरू केलंय."

ओठ, मग हात, मग श्वास. हाच क्रम राजलक्ष्मीने होडीत बसून पाहिला होता.

"उरलेल्या तिसऱ्या आहेत का?"

"त्याच्या मित्राने डबाच आणलाय. पाठवतो."

डबा आला. नारळाच्या वाटणातल्या सुक्या तिसऱ्या होत्या. राजलक्ष्मीने गर धुऊन वाटला, सौम्य आम्लात उकळला, गार केला, गाळला. तेवढ्यात देवाप्पाने उंदीर तोलून ठेवले. देवाप्पा उंदरांच्या खोलीचा माणूस, कमी बोलणारा. तिने सुई भरली. उंदराच्या पोटात अर्क टोचायचा आणि घड्याळ लावून बघत बसायचं, एवढीच ती परीक्षा. विष असेल तर उंदीर काही मिनिटांत धापा टाकत मरतो, आणि किती लवकर मरतो त्यावरून विषाचं प्रमाण कळतं. त्या काळी तिच्याजवळ दुसरं साधन नव्हतं.

उंदीर कोपऱ्यात जाऊन बसले. एकाचे मागचे पाय जरा लटपटले. दुसरा धापा टाकतोय असं वाटलं, पण सावरला. घड्याळ पुढे सरकत राहिलं आणि उंदीर मिशा हलवत पिंजऱ्यात फिरायला लागले.

"जगले," देवाप्पा म्हणाला.

एरवी हा शब्द ऐकून तिला बरं वाटलं असतं. तिने इस्पितळात फोन लावला.

"बिंदू, यात विष आहे, पण माणूस पाडण्याइतकं नाही."

"म्हणजे तिसऱ्या नाहीत. सरी, अक्का. मी मोठ्या डॉक्टरांना सांगतो."

"थांब. लगेच सांगू नकोस. मी तिकडे येते."

इस्पितळ चालत जाण्याइतकं जवळ होतं. ती चालली नाही, जवळजवळ धावलीच. कोपऱ्यातल्या पलंगावर अभिमन्यू पडला होता. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा मेणासारखा. एक नर्स त्याच्या उशाशी उभी राहून फुगा दाबत होती. दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. त्याचं स्वतःचं असं हालणारं काहीच उरलं नव्हतं. इस्पितळातलं श्वासाचं एकुलतं यंत्र एका बाळंतिणीला लावलेलं होतं.

पलंगाच्या पायथ्याशी मोठे डॉक्टर बिंदुमाधवशी बोलत होते. "बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत. मेंदू गेला असेल तर हे किती वेळ करायचं? नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगा."

भिंतीशी एक तरुण बाई उभी होती. सलवार-कमीज कालचाच असावा, ओढणीला हळदीचा डाग. राजलक्ष्मी तिच्याजवळ गेली.

"तुम्ही यांच्या मिसेस?"

मराठी ऐकून ती दचकली. "हो. मी शाल्मली. आम्ही नागपूरचे, म्हणजे मी नागपूरची. हे वेंगुर्ल्याचे." तिचा आवाज फाटला. "मॅडम, मी पण खाल्ल्या ना हो त्या. ह्यांच्यापेक्षा जास्तच खाल्ल्या मी."

"तुम्हाला काहीच झालं नाही?"

"ओठ चुणचुणले थोडे. मला वाटलं मिरची लागली."

राजलक्ष्मीने तिचा दंड धरला. "आठवून सांगा. ह्यांनी असं काय खाल्लं, जे तुम्ही खाल्लं नाही?"

"काहीच नाही. सेम जेवण. भात, भाजी, तिसऱ्या..." ती थांबली. "पाणी."

"कसलं पाणी?"

"तिसऱ्या उकडल्या ना, त्याचं पाणी. मला त्याचा वास सहन होत नाही. ह्यांच्या आईने शिकवलं होतं, उकडलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात आमसूल, मिरी घालायची. हे ते पितात. काल तर दोन वाट्या प्यायले. खूप दिवसांनी मिळालं म्हणून."

राजलक्ष्मीला एकदम सगळं उलगडलं. विष पाण्यात उतरणारं. उकळताना गरातून निघालं आणि पातेल्यात जाऊन बसलं. वर आमसुलाचा आंबटपणा, म्हणजे विष टिकायला आणखीनच सोय. गर तर तिने स्वतःही धुतला होता.

"ते पाणी उरलंय का?"

"फ्रिजमध्ये ठेवलंय पातेल्यात. घरी. मारतहळ्ळीला."

"किल्ली?"

"चौडम्माकडे एक असते, आमच्या कामवाल्या बाई. त्या येऊनसुद्धा गेल्या असतील." शाल्मलीचे डोळे विस्फारले. "मॅडम, मी रोजचं उरलेलं त्यांना न्यायला सांगितलंय."

घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, पण शाल्मलीच्या वहीत तो नंबर होता आणि वही घरी. राजलक्ष्मीने पत्ता विचारून घेतला. निघण्यापूर्वी ती पलंगाकडे वळली आणि अभिमन्यूच्या कानाशी वाकली. "तुम्हाला ऐकू येत असेल तर घाबरू नका. हे विष शरीराला बांधतं, मेंदूला नाही. तुमचा श्वास ही मंडळी घेतायत." मग नर्सकडे बघून कानडीत म्हणाली, "मी परत येईपर्यंत हात थांबवू नका. कोणी सांगितलं तरी."

मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. बिंदुमाधवने मान खाली घातली, पण तिच्या मागून दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "मी आहे इथे. नर्स थकली तर मी दाबतो. पण अक्का, मला हातात काहीतरी द्या."

प्रयोगशाळेची जीप मिळाली. मारतहळ्ळीचा रस्ता तेव्हा शेतांमधून जायचा. मध्येच नव्या इमारतींचे सांगाडे, मध्येच रागीचं हिरवं रान, आणि डोक्यावरून घरघरत उतरणारं विमान. विमानतळाच्या फाटकापाशी वाहनं तुंबली होती. राजलक्ष्मी मांडीवर रिकामी बरणी धरून बसली होती. चौडम्माच्या घरात कोण कोण असेल? ती काय करेल? भातावर ओतेल, चटणी लावेल. तिच्या डोळ्यांपुढून ती होडी काही केल्या हलेना. ड्रायव्हरने विचारलं, "अक्का, बरं नाही का?" तिने नुसता हात पुढे करून चल म्हणून सांगितलं.

शाल्मलीच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, चौडम्मा मघाशीच गेली, हातात पातेलं होतं. नव्या इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे राहते.

राजलक्ष्मी विटांच्या ढिगाऱ्यांतून साडी सावरत पळाली. पहिल्या खोलीत कोणी नव्हतं. दुसऱ्या दारातल्या म्हाताऱ्याने बोट दाखवलं. शेवटच्या खोलीतून मिरीचा आणि समुद्राचा वास येत होता.

आत चुलीवर पातेलं होतं, वाफ येत होती. चौडम्मा उकिडवी बसून ताटलीत भात वाढत होती. तिची म्हातारी आई भिंतीला टेकून ताटलीकडे बघत होती. चौडम्माने पळी बुडवली.

"बेडा!" राजलक्ष्मी ओरडली. नको! "ओतू नको!"

चौडम्माच्या हातातून पळी पडली. अनोळखी, धापा टाकणारी बाई दारात बघून ती आधी घाबरली, मग तिचा चेहरा कडक झाला.

"मी चोरलेलं नाही," ती कानडीत म्हणाली. "शाल्मली अम्माच देतात मला. विचारा त्यांना. रोज देतात."

"मला माहीत आहे. तुमच्या अम्मांनीच मला पाठवलंय." राजलक्ष्मी उंबऱ्यातच बसली. "चौडम्मा, यातलं कोणी चाखलं का? खरं सांगा. जिभेवर थेंब तरी?"

"मीठ बघायला मी जरा..."

"किती?"

"पळीच्या टोकाला लागलेलं."

"ओठांना काही होतंय का? बोटांना?"

चौडम्माने ओठांवरून जीभ फिरवली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भीती आली. "नाही. नाही वाटत." मग हळू आवाजात, "अम्मांचं काय झालं?"

"अम्मा ठीक आहेत. साहेब हेच प्यायले. इस्पितळात आहेत."

म्हातारीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती ताटली पुढे सरकवून रस्सा मागत होती. चौडम्माने ताटली तिच्यापुढून उचलली, भात बाजूला काढून ठेवला आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून, अंगापासून लांब, बाहेर आणून दिलं. राजलक्ष्मीने ते पाणी बरणीत ओतलं. मग ती चौडम्माला म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर चला. संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर राहा." म्हातारीला शेजारणीकडे सोपवून चौडम्मा मुकाट्याने जीपमध्ये बसली. वाटेत ती सारखी आपल्या बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघत होती.

प्रयोगशाळेत पोचल्यावर राजलक्ष्मीने बांगड्या काढल्या नाहीत. तेवढी सवड नव्हती. पाणी आम्लात उकळलं, गाळलं. देवाप्पाने नवे उंदीर आणले. एकाला नुसतं आम्ल टोचलं, ताडून बघण्यासाठी. बाकीच्यांना पाणी.

तिने घड्याळ लावलं. पहिला उंदीर जागच्या जागी उडाला. मग तोल जाऊन कुशीवर पडला, छाती जोराने खालीवर व्हायला लागली, तोंड उघडं. दुसराही तसाच. देवाप्पाने मान वळवली. तिने वळवली नाही. वळवून चालणार नव्हतं, शेवटची धाप कधी लागली ते बघायचं होतं. ती लवकरच लागली. नुसतं आम्ल टोचलेला उंदीर मात्र पिंजऱ्याच्या जाळीवर चढत होता.

प्रमाण नेमकं काढायला पाणी पातळ करून पुन्हा परीक्षा घ्यावी लागणार होती. पण ते नंतर. तिने फोन उचलला.

"बिंदू, ऐक. मिळालं. शिंपल्यांचं विष आहे, भरपूर आहे. याला उतारा नाही, पण उताऱ्याची गरजही नाही. शरीर ते लघवीतून बाहेर टाकतं. फक्त तोवर श्वास चालू ठेवायचा."

"बाहुल्या हालत नाहीत, अक्का."

"त्याच विषाने बांधल्यात. आणि तुम्ही कीटकनाशकाचं औषध दिलंत, त्यानेही पसरल्या असतील. मेंदू शाबूत आहे. तो सगळं ऐकतोय, बिंदू. पायथ्याशी जे जे बोललात ते ऐकतोय."

फोन तसाच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग दूरवरून बिंदुमाधवचा आवाज, मोठ्या डॉक्टरांशी बोलणारा, अगदी स्पष्ट आणि न अडखळणारा. थोड्या वेळाने फोनवर मोठे डॉक्टर आले.

"मॅडम, तुमची खात्री आहे?"

"आहे."

"मग आम्ही पाळ्या लावतो. औषध थांबवतो." ते घुटमळले. "तुम्ही येऊन त्याच्या बायकोला सांगाल का? मघाशी मी तिच्यासमोर जे बोललो, त्यानंतर माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही."

"येते. आधी एक फोन करायचाय."

होसकोडीत अख्ख्या गावात मिळून एकच फोन होता, मच्छीमार सोसायटीत. लाइन लागायला वेळ लागला. ज्याने उचलला त्या माणसाचं नाव सयाजी, सोसायटीचा चिटणीस. तिने सांगितलं तसा तो हसला.

"अहो, आमच्या बापजाद्यांपासून तिसऱ्या खातोय आम्ही."

"खाडीचं पाणी कसं आहे सध्या?"

"चहासारखं. लाल-तपकिरी. चार-सहा दिवस झाले. का?"

"गावात कोणाचे ओठ बधिर झालेत?"

मागे कोणाला तरी विचारल्याचा आवाज आला. "दोघी बायका म्हणतायत. आम्हाला वाटलं सुपारी लागली."

"त्यांना आत्ताच्या आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात न्या. चालवू नका. श्वास लागला तर तोंडाने श्वास द्या आणि देत राहा. आणि खाडीवर कोणालाही जाऊ देऊ नका. उकडलेलं पाणी असेल तर जमिनीत ओता."

"हो," तो म्हणाला. फोन ठेवायच्या आधीच त्याच्या हाका ऐकू यायला लागल्या.

इस्पितळात ती पोचली तेव्हा फुगा बिंदुमाधवच्या हातात होता. राजलक्ष्मीने शाल्मलीला सगळं समजावून सांगितलं. शाल्मली ऐकत राहिली, मग स्टूल ओढून नवऱ्याच्या कानाशी बसली आणि बोलायला लागली. ऑफिस, भाडं, नागपूरची थंडी, काहीही. बोलताना रडत होती आणि रडताना बोलत होती. चौडम्मा दाराशी जमिनीवर बसून होती. तिला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर अभिमन्यूची पापणी हलली. मग अंगठा. दुपारी त्याने नळीविना पहिला श्वास घेतला आणि खोकला. आवाज फुटल्यावर तो बायकोला म्हणाला, "तू नातेवाइकांना बोलावलंस का?" शाल्मलीने मानेनेच नाही म्हटलं. "बरं केलंस," तो म्हणाला, "आई हे ऐकून जगली नसती." मोठे डॉक्टर हे ऐकत उभे होते. ते खोलीबाहेर गेले आणि परत येऊन त्याची माफी मागून गेले.

होसकोडीच्या दोन्ही बायका वाचल्या. त्यानंतर राजलक्ष्मीचं खरं कठीण काम सुरू झालं. दर काही दिवसांनी सयाजी बर्फात घालून तिसऱ्या पाठवी आणि ती उंदरांपुढे बसे. खाडी बंद होती, आणि गावातल्या बायकांचं पोट खाडीवर. पाणी निवळलं, तरी तिसऱ्यांतलं विष हळूहळू उतरत होतं. सयाजी फोनवर अजिजी करी, कधी चिडे. "मॅडम, पाणी आता आरशासारखं आहे. अजून काय बघायचं?" विष आहे म्हणणं सोपं होतं, मेलेला उंदीर दिसायचा. नाही म्हणायचं तर तिला रात्र रात्र झोप लागत नसे. रघुजीराव म्हणत, "राजी, एवढा घोर लावून घेऊ नको गं." ती सरी म्हणे आणि कूस बदले.

शेवटी एका दुपारी लागोपाठ तीन खेपांचे उंदीर जगले. देवाप्पा पिंजऱ्यापाशी वाकून बराच वेळ बघत राहिला. राजलक्ष्मीने पुन्हा एकदा अर्काचं आम्ल तपासलं, पुन्हा वजनं तपासली. मग फोन लावला. या वेळी सयाजीने नाही, एका बाईने उचलला. ओठ बधिर झालेल्या दोघींपैकी एक होती ती.

"आता जायचं का आम्ही, अक्का?" तिने विचारलं. मागे बऱ्याच बायका जमल्याची कुजबूज होती.

"जा," राजलक्ष्मी म्हणाली. "पण पहिल्या दिवशीच्या थोड्या मला पाठवा."


पलीकडे एकदम गलका झाला आणि फोन कोणीतरी घाईने ठेवून दिला.